तुकोबांच्या वाटेवर काटे घालणारे

संतसज्जन मायबापहो, आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पुरी झाली. शंभर वर्षांत वीणा कितीजणांच्या गळ्यात गेली, पताका किती फाटल्या आणि किती नव्या शिवल्या, याचा हिशोब दुसरे जाणते लिहितीलच. आम्हाला मंडळींनी सांगितलं की एका संताचं चरित्र लिहा. आम्ही चौथी शिकलेले, आमचा हात नांगराला आणि टाळाला सरावलेला, लेखणीला नाही. तरी आज्ञा झाली म्हणून बसलो. कमी जास्त झालं तर पदरात घ्यावं.

चरित्र कोणाचं लिहावं याचा फार विचार करावा लागला नाही, कारण एक प्रश्न आमच्या मनात गेली काही वर्षं ठुसठुसत होता. एका गावी आमचं कीर्तन झालं. त्यात आम्ही नेहमीप्रमाणे ठासून सांगितलं, की जो दुसऱ्यासाठी खड्डा खणतो तो स्वतःच त्यात पडतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कीर्तन उठल्यावर एक म्हातारी माउली पाया पडायला आली आणि हळूच विचारू लागली, की तिच्या दिराने खोटे कागद करून तिचं दीड एकर रान घेतलं, त्याला बारा वर्षं झाली, त्याचं तर माडीचं घर झालं, मग तो खड्ड्यात कधी पडणार. आमच्यापाशी उत्तर नव्हतं. विठ्ठल बघून घेईल असं काहीतरी बोललो आणि उपरणं झटकून निघालो. पण ती म्हातारी काही मनातून गेली नाही.

म्हणून हा तुकोबांचा चरित्रभाग. तुकोबांना जितका दुष्टावा सोसावा लागला तितका फार थोड्यांना लागला असेल. त्या दुष्टाव्याचं आणि तो करणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते नीट बघू. म्हणजे म्हातारीला काय सांगावं तेही कळेल.

तुकोबांचा जन्म देहूचा, इंद्रायणीच्या काठचा. शके १५३०, म्हणजे सन १६०८ साल बहुतेक सगळे धरतात. घराणं मोऱ्यांचं, आडनाव आंबिले. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा, मधले तुकोबा. घरात पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्यांची. पूर्वज विश्वंभरबाबांना आंब्याच्या वनात विठ्ठल-रखुमाईची मूर्ती सापडली आणि देहूत देव आला, असं सगळा संप्रदाय मानतो. जात कुणब्याची, धंदा वाण्याचा, गावात महाजनकी. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी होतं. आपल्याला वाटतं संत म्हणजे जन्मापासून फाटका. तसं नव्हतं. तुकोबांनी आधी भरलेलं घर पाहिलं आणि मग ते रितं होताना पाहिलं.

कोवळ्या वयातच आई-वडील गेले. थोरल्या भावाची बायको वारली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. प्रपंचाचा सगळा भार तुकोबांवर पडला. लग्नं दोन झालेली. पहिली रखमाबाई, तिला दम्याचा आजार. म्हणून दुसरी केली ती जिजाई, पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची लेक. तिलाच घरी आवली म्हणत. त्यात सन १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ आला. दोन वर्षं आभाळ फिरलं. माणसं गाव सोडून गेली, ढोरं मेली. तुकोबांचं दुकान बसलं, दिवाळं निघालं, आणि रखमाबाई अन्नावाचून गेली. पाठोपाठ पोरगा संतोबाही गेला. ज्याच्या घरात धान्य मोजून दिलं जायचं त्याच्याच घरात माणूस भुकेनं मेलं. शेतकऱ्याला हे फोडून सांगायला नको. आम्ही १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला आहे.

आता पहिली गोष्ट ध्यानात घ्या. तुकोबांच्या घरी लोकांकडून येणं असलेली खतं होती, कर्जाचे कागद होते. दुष्काळानंतर सावकाराच्या हातात कागद म्हणजे काय असतं ते खेड्यातल्या माणसाला ठाऊक आहे. त्या कागदांच्या जोरावर तुकोबांना गावातली अर्धी रानं खाता आली असती. कोणी नावं ठेवली नसती, कारण व्यवहार खरा होता. पण तुकोबांनी ते कागद इंद्रायणीत टाकायला काढले. कान्होबाने आपला निम्मा वाटा मागून घेतला, तो तुकोबांनी त्याला दिला, आणि आपल्या वाट्याचे सगळे कागद पाण्यात सोडून दिले. म्हणजे दुष्टपणा करण्याचं जे हत्यार हातात आयतं आलं होतं, तेच आधी बुडवून टाकलं. पुढे त्यांच्या वाटेला जे दुष्ट आले त्यांचं त्यांच्यापुढे काही चाललं नाही, याचं मूळ आम्हाला इथे दिसतं.

मग भामनाथ, भंडाऱ्याचा डोंगर, एकांत. आपल्या पूर्वजांनी बांधलेलं विठ्ठलाचं पडकं देऊळ त्यांनी हातांनी दुरुस्त केलं. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन गुरुमंत्र दिला. नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि राहिलेले अभंग पुरे करायला सांगून गेले. तिथून वाणी सुरू झाली. कीर्तनाला माणूस लोटू लागला. चाकणचे संताजी जगनाडे तेली, कडूसचे गंगाराम मवाळ, असे टाळकरी मिळाले आणि अभंग उतरून घेऊ लागले.

आणि इथूनच काटे सुरू झाले.

देहूत विठ्ठलाच्या देवळाजवळ मंबाजी गोसावी म्हणून एक होते. त्यांचा मठ होता, शिष्य करायचे, मान होता. तुकोबांच्या कीर्तनाला तेही येऊन बसत, पण ऐकायला नव्हे, उणं काढायला. लोक आपल्याकडचे उठून एका कुणब्याकडे चालले हे त्यांना सोसेना. त्यांनी देवळाजवळ फुलझाडांची बाग केली होती आणि तिला काट्यांचं कुंपण घातलं होतं. तुकोबांच्या घरी सासऱ्याने दिलेली एक म्हैस होती. ती एक दिवस कुंपणातून आत शिरली आणि झाडं खाल्ली. मंबाजीबुवांना निमित्त मिळालं. त्यांनी शिव्याशाप दिले आणि काटे वाढवून थेट देवाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर आणले.

एकादशी आली. अनवाणी येणाऱ्या लोकांच्या पायात काटे मोडतील म्हणून तुकोबांनी ते काटे हातांनी उचलून वाट मोकळी केली. मंबाजीबुवा धावून आले आणि त्याच काटेरी फांद्यांनी त्यांना मारू लागले. फांदी मोडली की दुसरी घ्यायची. तुकोबांनी हात वर केला नाही. घरी आल्यावर जिजाईने अंगातले काटे एकेक करून काढले. ती माउली फटकळ होती म्हणून तिला पुष्कळ नावं ठेवली जातात. पण नवऱ्याच्या पाठीतले काटे काढणं तिच्या वाट्याला आलं होतं, हे नावं ठेवणाऱ्यांनी विसरू नये.

रात्री एकादशीचं कीर्तन. तुकोबा उभे राहिले, पण मंबाजीबुवा जागेवर दिसेनात. बोलावणं पाठवलं तर अंग दुखतंय असा निरोप आला. तेव्हा तुकोबा स्वतः त्यांच्या मठात गेले, दंडवत घातला, मला मारून मारून तुमचे हात दुखले असतील असं म्हणून त्यांचे हातपाय दाबत बसले, आणि त्यांना हाताला धरून कीर्तनाला घेऊन आले. ताहाराबादच्या महिपतीबुवांनी ही गोष्ट लिहून ठेवली आहे. त्यांचा भक्तविजय १७६२ चा आणि भक्तलीलामृत १७७४ चं.

आम्ही तरुणपणी ही गोष्ट सांगताना मंबाजीची नक्कल करायचो. लोक पोट धरून हसायचे. आता विचार केला तर वाटतं, मंबाजीची मसलत काय होती? तुकोबाला लोकांत उणा करायचा. झालं काय? ज्या गावाने सकाळी तुकोबाला मार खाताना पाहिलं त्याच गावाने रात्री त्याला मारणाऱ्याचे पाय दाबताना पाहिलं. मोठा कोण आणि लहान कोण, हे मंबाजीबुवांनी स्वतःच्या हातांनी गावाला दाखवून दिलं. त्यांनी काटे उचलले नसते तर हे कधी दिसलंच नसतं.

दुसरे रामेश्वरभट. हे वाघोलीचे. मंबाजीसारखे पोकळ नव्हते. विद्वान होते, आचाराला कडक होते. एका शूद्राच्या तोंडून वेदाचा अर्थ प्राकृतात बाहेर पडतो आणि ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, हे त्यांना अधर्म वाटलं. त्यांनी गावच्या अधिकाऱ्यापर्यंत तक्रार नेली आणि तुकोबांना देहूतून घालवावं असा हुकूम मिळवला. तुकोबा त्यांना भेटायला गेले. पुढे अभंग करू नयेत आणि केलेले नदीत बुडवावेत, असं रामेश्वरभटांनी सांगितलं. ब्राह्मणाची आज्ञा म्हणून तुकोबांनी वह्या बांधल्या, वर दगड ठेवला आणि इंद्रायणीच्या डोहात सोडल्या.

मायबापहो, एकाच नदीत एकाच माणसाने दोनदा कागद बुडवले. पहिल्या खेपेला कर्जाचे, ते आपण होऊन. दुसऱ्या खेपेला अभंगांचे, ते दुसऱ्याने बळ केलं म्हणून. लोक टोमणे मारू लागले, की पहिल्यांदा खतं बुडवून संसार बुडवला आणि आता वह्या बुडवून परमार्थ बुडवला. तुकोबा देवळासमोरच्या शिळेवर अन्नपाणी सोडून पडून राहिले. तेरा दिवस. ती शिळा आजही देहूत आहे, आपण सगळ्यांनी तिच्यावर डोकं टेकवलं आहे. तेरा दिवसांनी वह्या कोरड्या वर आल्या. कर्जाचे कागद काही वर आले नाहीत.

काही शिकलेली पोरं आम्हाला सांगतात, की वह्या वर आल्या म्हणजे अभंग लोकांना पाठ होते, ते लोकांनी परत म्हणून दाखवले. आम्ही त्यांच्याशी भांडत नाही. पांडुरंगाने वह्या पाण्यातून वर काढल्या म्हणा की माणसांच्या जिभेवरून वर काढल्या म्हणा, जिभेवर तरी दुसरं कोण बसलंय? पण यातून एक कळतं. रामेश्वरभटांना अभंग बंद करायचे होते. बुडवण्याआधी ते अभंग देहू-लोहगावच्या पंचक्रोशीत म्हटले जायचे. बुडवल्यानंतर ती वार्ता लांब कोल्हापुरापर्यंत गेली. जे झाकायला गेले त्यानेच ते उघडं पडलं.

आणि रामेश्वरभटांचं काय झालं? ते पुण्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाले. वाटेत अनगडशहा नावाच्या फकिराच्या विहिरीत स्नान केलं. फकिराचा शाप लागला आणि अंगाची आग सुरू झाली. वैद्य झाले, उपाय झाले, आग थांबेना. आळंदीला माउलीच्या पायाशी अनुष्ठानाला बसले. तिथे दृष्टांत झाला, की तू तुकोबाचा द्वेष केलास त्याची ही आग आहे, त्यालाच शरण जा. आता ज्याच्या वह्या बुडवायला लावल्या त्याच्यापुढे कोणत्या तोंडाने जायचं? म्हणून आधी पत्र लिहून पाठवलं. तुकोबांनी उलट निरोपात एक अभंग लिहून दिला. त्यात दोष दिला नव्हता, टोमणा नव्हता. मन निर्मळ असलं की वैरीही सखे होतात, असा त्याचा भाव. तो वाचला आणि रामेश्वरभटांचा दाह शांत झाला. मग ते देहूला आले ते परत वैरी होऊन गेले नाहीत. तुकोबांच्या मागे टाळ घेऊन उभे राहिले.

आपण रोज रात्री मुक्कामावर हरिपाठ झाल्यावर तुकोबांची आरती म्हणतो. शंभर वर्षं या दिंडीत म्हटली जाते. ती आरती कोणी रचली? शेवटच्या कडव्यात नाव आहे, म्हणताना आपलं लक्ष नसतं. रामेश्वरांची आहे ती. ज्याने तुकोबांच्या वह्या नदीत टाकायला लावल्या, त्याच्याच शब्दांनी आज सगळा महाराष्ट्र तुकोबांना ओवाळतो. आणि ज्या अनगडशहाच्या विहिरीवर हा दाह सुरू झाला, त्या अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी देहूतून निघालेली तुकोबांची पालखी आजही थांबते. तिथे अभंग-आरती होते आणि मगच पालखी पुढे जाते.

तिसरी गोष्ट गाईची. ही बहिणाबाईंनी स्वतः आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. म्हणजे ऐकीव नव्हे, डोळ्यांनी बघितलेल्या बाईची आहे. बहिणाबाई वेरूळजवळच्या देवगावच्या, जातीने ब्राह्मण. कोल्हापुरात असताना तुकोबांचे अभंग कानी पडले आणि स्वप्नात तुकोबांनी उपदेश केला. हे सन १६४० चं. नवऱ्याने त्यासाठी मारहाण केली. शेवटी त्याचंही मन वळलं आणि सगळं कुटुंब देहूला आलं. सोबत त्यांची लाडकी गाय होती.

मंबाजीबुवा अजून होतेच. बहिणाबाईंनी आपलं शिष्यत्व घ्यावं म्हणून ते मागे लागले. त्यांनी नाही म्हटल्यावर छळ सुरू केला. पुण्याला पत्र धाडलं की शूद्र कीर्तन करतो आणि ब्राह्मण त्याच्या पाया पडतात, याचा बंदोबस्त करा. तेवढ्यावर भागेना म्हणून एके दिवशी बहिणाबाईंची गायच चोरून नेली, आपल्या घरात कोंडली, चारा-पाणी तोडलं आणि मारलं. इकडे सगळा गाव गाय शोधतोय. गाईला बसलेल्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, आणि लोकांना कळेना की याला मारलं कोणी. तेवढ्यात मंबाजीच्या घराला आग लागली. गाव पाणी घेऊन धावला. कोणाच्या घराला आग लागली हे खेड्यात कोणी बघत नाही, आधी विझवतात. आग विझवायला माणसं आत शिरली तर कोपऱ्यात बांधलेली गाय दिसली. अंगावर वळ. तसेच वळ तुकोबांच्या पाठीवर.

आता बघा, गाय लपवायची तर गावाबाहेर रानात नेऊन बांधावी. मंबाजीने स्वतःच्या घरात कोंडली. म्हणजे पापाचा साक्षीदार स्वतःच दावणीला बांधून ठेवला. दुष्टाला दुसऱ्यावर भरवसा टाकता येत नाही, म्हणून तो सगळा मुद्देमाल जवळ ठेवतो, आणि तिथेच सापडतो. आणि ज्यांनी ती आग विझवली त्यांत तुकोबांचे टाळकरी नसतील का?

चौथी गोष्ट लोहगावची. लोहगाव तुकोबांचं आजोळ. तिथे शिवबा कासार नावाचा गृहस्थ होता. आधी निंदक, पण कीर्तन ऐकून असा लागला की घरदार विसरून तुकोबांच्या मागे. त्याच्या बायकोला वाटलं, या माणसाने माझा नवरा नासवला. एक दिवस तुकोबा त्यांच्या घरी आले. बाईने आंघोळीला बसवलं आणि कढत पाणी अंगावर ओतलं. तुकोबांच्या अंगाची लाही झाली, पण तिला ते एक शब्द बोलले नाहीत. पुढे त्या बाईच्याच अंगाला दाह सुटला, अंग फुटलं. नवरा घाबरला. तेव्हा उपाय कोणी सांगितला? रामेश्वरभटांनी. जिथे तुकोबांना आंघोळ घातली तिथला चिखल हिच्या अंगाला लावा, म्हणाले. लावला आणि ती बरी झाली.

ज्याचं अंग पूर्वी जळलं होतं त्यालाच दुसऱ्या जळणाऱ्याचं औषध माहीत होतं. महिपतीबुवांच्या ग्रंथातला हा प्रसंग आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. रामेश्वरभटांना असंही म्हणता आलं असतं की भोग आता आपल्या कर्माची फळं. ते म्हणाले नाहीत, कारण ते तिथून जाऊन आले होते.

आता इथे आमचं एक सांगणं भाग आहे. शंभर वर्षांच्या पुस्तकात खोटं राहू नये.

आमच्या रानाच्या खालच्या अंगाला आपल्याच दिंडीतल्या एका वारकऱ्याचं रान आहे. मधला बांध जुना, दोन माणसं जोडीने चालतील इतका रुंद. आम्ही दर साली नांगरट करताना एक तास बांधाच्या आत घालायचो. कोणाला कळतंय? गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि हात बांध कोरतायत. सात-आठ सालात बांध निम्मा राहिला. वीतभर रुंदीची एक पट्टी वाढली, तिच्यात ज्वारीचं एक पाटीभर धान्य जास्त निघालं असेल नसेल. मग एका साली हस्ताचा पाऊस असा कोसळला की रात्रभर थांबला नाही. सकाळी जाऊन बघतो तर जिथे आम्ही कोरला होता नेमका तिथेच बांध फुटलेला. आमच्या रानातली वरची काळी माती, बापजाद्यांनी शेणखत घालून केलेली, सगळी वाहून खाली त्याच्या रानात जाऊन बसली. त्याच्या वीतभर जमिनीसाठी आम्ही आमची अर्ध्या एकराची माती त्याला घालून बसलो.

तो शेजारी दुसऱ्या दिवशी फावडं, घमेली आणि घरची दोन माणसं घेऊन आला. आम्ही काही बोलायच्या आत त्याने माती उचलून वर टाकायला सुरुवात केली. पाच दिवस लागले. बांध पहिल्यासारखा रुंद घातला. सहाव्या दिवशी आम्ही त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला की दुसऱ्याच साली त्याच्या ध्यानात आलं होतं. मग बोलला का नाहीस विचारलं, तर म्हणाला, वारीत तुम्ही आमच्या पुढच्या ओळीत चालता, रोज तुमची पाठ दिसते, भांडण काढलं असतं तर वाटभर तीच दिसली असती. त्यानंतर आम्ही मंबाजीची नक्कल करणं सोडलं.

तुकोबांच्या चरित्राचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया, तुकाराम बीज. तुकोबा वैकुंठाला गेले. मागे जिजाई होती आणि पोटात मूल होतं. ते नारायणबाबा. त्यांनीच पुढे सन १६८५ मध्ये पादुका पालखीत घालून देहूहून पंढरीची वाट धरली. आज आपण चालतो ती त्यांचीच रीत. बहिणाबाई सन १७०० पर्यंत होत्या. शिऊरला त्यांची समाधी आहे. त्यांनी लिहून ठेवलं म्हणून गाईची गोष्ट आपल्यापर्यंत आली.

तर मग म्हातारीला काय सांगायचं? आम्ही हे सगळं मनाशी घोळवलं आणि एवढं समजलं. मसलत पडते, हे खरं आहे. कोरलेला बांध कोरल्या जागीच फुटतो. पण माणूस पडलाच पाहिजे असं तुकोबांच्या चरित्रात कुठे नाही. वह्या बुडवण्याची मसलत पडली, रामेश्वरभट उभे राहिले. कढत पाणी फुकट गेलं, कासाराची बायको वाचली. मंबाजी पडला तेव्हाही तुकोबा त्याच्या पायाशी बसलेले होते. शत्रू खड्ड्यात कधी पडतो याची वाट बघत बसलं तर आपणच खड्ड्याच्या काठावर बारा वर्षं बसून राहतो.

दुसरं, तुकोबांनी सोसलं म्हणून वाटेवरचे काटे तसेच राहू दिले, असं नाही. प्रदक्षिणेची वाट देवाची होती आणि लोकांची होती. ती त्यांनी हातांनी मोकळी केली. मार बसला तो त्यासाठीच. म्हणजे वाट मोकळी करायची, मन मात्र काट्यांनी भरू द्यायचं नाही. दोन्ही एकत्र करायचं आहे, म्हणून अवघड आहे.

पुढच्या साली त्या गावी गेलो तेव्हा आम्ही आपण होऊन म्हातारीच्या घरी गेलो. जुने उतारे पिशवीत घेतले आणि तिच्याबरोबर कचेरीची पायरी चढलो. तीन हेलपाटे झाले. निकाल अजून नाही. दिराची माडी आहे तशीच आहे. पण परवा तिने एक सांगितलं. दिराचा नातू आजारी होता तेव्हा ती बघायला गेली होती, रात्रभर उशाशी बसली, आणि निघताना जाऊ दारापर्यंत पोचवायला आली, ती बारा वर्षांत पहिल्यांदा. रान तिचंच आहे आणि ते ती मागणार आहे. पण आता ती खड्ड्याचं विचारत नाही.

आपल्या दिंडीच्या दुसऱ्या शंभर वर्षांत पोरांनी एवढं करावं. आरती म्हणताना शेवटच्या कडव्यातलं नाव जरा सावकाश घ्यावं. आणि पुढच्या ओळीतल्या माणसाची पाठ बघून चालावं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय.